दोन लाल, मध्ये तीन हिरवे

ही गोष्ट मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरातली आहे आणि जे घडलं तेव्हा मी तिथे उभा होतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मीही पूर्वी असल्या गोष्टी वाचून खाली टिंगल करणाऱ्यांतलाच होतो.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, रात्रीचे बारा नाहीत.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. भर दुपार. चाकणजवळचं निघोजे.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. एरवी दिवसभर प्रेसची धडधड, कंटेनरचे हॉर्न, त्या आवाजाचं आपल्याला काही वाटेनासं होतं. गुरुवारी तो सगळा आवाज बंद पडतो आणि मग लहानसा आवाजही नको तितका ऐकू येतो. मला तो दिवस पहिल्यापासून आवडत नाही.

मी ज्ञानेश. राहायला आकुर्डीला, कामाला चाकणच्या एका कंपनीत, मेंटेनन्सला. सेन्सर, पॅनेल, वायरिंग हेच माझं आयुष्य. सेन्सर खोटं बोलत नाही, असं मी दहा जणांना ऐकवलेलं आहे.

निघोज्याला माझ्या यशोदामावशीचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं एक शेड. मावशी आणि साहेबरावकाका बीडकडच्या केजहून इथे आले ते कापूस पिंजायचं एक जुनं मशीन घेऊन. आजूबाजूच्या खोल्यांत राहणारी कंपनीतली पोरं आपल्या चपट्या झालेल्या गाद्या आणून टाकतात. मशीन तो कापूस दात्यांनी विंचरून पुन्हा मऊ करतं. मग मावशी तो भरते आणि टाके घालते.

त्याच मशीनने काकांचा उजवा हात खाल्ला होता.

बरीच वर्षं झाली त्याला. तोंडाशी अडकलेला कापूस त्यांनी हाताने आत ढकलला आणि मधली तीन बोटं रोलरमध्ये गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. गेलेली बोटं शेवटपर्यंत सापडली नाहीत. मशीन उघडलं, कापसाचा ढीग उपसला, काही नाही.

काकांनी त्यानंतर मशीनला हात लावला नाही. पण रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि मशीनच्या तोंडात बघत राहायचे. का बघता म्हणून विचारलं की उठून जायचे.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. झोपेतच गेले.

त्यानंतर मशीनवर कापूस घालायचं काम स्वप्नालीवहिनीकडे आलं. ती मावशीची सून. माझा मावसभाऊ धनेश कंपनीत शिफ्टला जातो, घरचं हे काम तिच्या गळ्यात. एकदा मी तिला काम करताना पाहिलं. हात रोलरपासून चार बोटांवर, आणि ही मागे वळून माझ्याशी गप्पा मारतेय. मी तिथेच ठरवलं, या मशीनला सुधारल्याशिवाय सोडायचं नाही.

मग माझे कितीतरी गुरुवार त्यात गेले. सिलिंडरचे झिजलेले दाते बदलले. पूर्वी बटण बंद केलं तरी सिलिंडर बराच वेळ फिरत राहायचा, म्हणून त्याला ब्रेक बसवला. करंट तुटला की ब्रेक आपोआप लागतो. मग ते बटण असो नाहीतर लाइट गेलेली असो.

आणि तोंडावर एक पट्टी बसवली. तिच्यावर ओळीने छोटे सेन्सर, खाली बघणारे. कापूस त्यांच्या खालून जातो, त्याला ते काही करत नाहीत. कापसाच्या वर काही आलं, म्हणजे हात आला, की त्या जागचा हिरवा दिवा लाल होतो आणि मशीन थांबतं. प्रत्येक सेन्सरला त्याचा त्याचा दिवा. मी स्वतः हात घालून दाखवलं. दिवे लाल, ठक्, मशीन बंद. मावशी खूश झाली.

आठ दिवसांत धनेशचा फोन आला. मशीन उगाच थांबतंय म्हणाला.

मी गेलो. कापसाची धूळ बसली असणार. सगळे सेन्सर पुसले, धूळ उडवायला वर हवेची नळी लावली. वहिनीने कापूस घालायला सुरुवात केली. तिचे हात लांब होते, मी बघत होतो.

ठक्.

पट्टीवर दोन दिवे लाल. मध्ये तीन हिरवे.

खाली काहीच नव्हतं…

दोन सेन्सर खराब निघाले, एवढंच माझ्या मनात आलं. बदलले. मशीन चालू केलं. थोडा वेळ बरं चाललं. मग पुन्हा ठक्.

दोन लाल, मध्ये तीन हिरवे. पण या वेळी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला.

आता माझं डोकं फिरलं. बिघाड एका जागी असतो. बिघाड इकडून तिकडे फिरत नाही. मी पॅनेल उघडलं, अर्थिंग तपासलं, वायर हलवून पाहिल्या, स्वतःलाच शिव्या घातल्या. दिवसभर तेच. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी बरोबर मधोमध. मधलं अंतर मात्र तेच.

शेवटी कंटाळून मी विचार केला, मुद्दाम असा पॅटर्न आणायचा तर खाली काय धरावं लागेल? म्हणून पट्टीखाली हात नेला. अंगठा आणि करंगळी पुढे केली. मधली तीन बोटं दुमडली.

दोन दिवे लाल झाले. मध्ये तीन हिरवे राहिले.

आणि माझा हात तसाच राहिला…

काका चहाचा ग्लास असाच धरायचे. अंगठा आणि करंगळीत. लहानपणी मी त्यांची नक्कल करायचो आणि आईचा मार खायचो.

मी हात काढून घेतला. मागे मावशी चहा घेऊन उभी होती. तिने माझा हात पाहिला, पट्टी पाहिली, आणि ग्लास खाली ठेवला. मी चहा न घेताच निघालो. पुढच्या गुरुवारी नवी पट्टी आणतो म्हणालो. मला तिथून बाहेर पडायचं होतं, दुसरं काही नाही.

तो आठवडा मी कंपनीत कसा काढला ते मलाच माहीत. एका जागी बसवत नव्हतं. हात धुताना बोटं मोजायचो. कुणीतरी म्हणालं, राव, काय झालंय तुला.

पुढचा गुरुवार उजाडला. हाच तो मार्गशीर्षातला. नवी पट्टी पिशवीत घालून मी निघोज्याला पोचलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेडच्या बाहेर धनेश बाइक पुसत बसला होता.

आतून मशीनचा आवाज येत होता. एकसारखा, न थांबता.

मी म्हटलं, आपोआप नीट झालं की काय? धनेश हसला.

"कसलं नीट भावा, ऑर्डर अडकून पडल्यात सगळ्या. काल रात्री जंपर टाकून सेन्सरच बायपास केला. आता बघ कसं मक्खन चालतंय."

कंपनीत ऑपरेटर हेच करतात. सेन्सर त्रास द्यायला लागला की वायरचा तुकडा लावून त्याचं तोंड बंद करायचं. दिवे लागत राहतात, फक्त मशीन त्यांचं ऐकत नाही. धनेशला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी आत धावलो.

मार्गशीर्षातला उपवास होता वहिनीचा. पाठमोरी उभी होती, हातात कापूस. रोलरच्या तोंडाशी एक गठ्ठा अडकला होता. ढकलायची काठी कोपऱ्यात, तिच्यापासून लांब.

पट्टीवर दोन दिवे लाल होते.

मशीन चालू होतं.

वहिनीने हात पुढे नेला. मी ओरडलो, पण मशीनच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ते दोन लाल दिवे सरकले. एकेक करत, हळूहळू… तिच्या हाताच्या दिशेने सरकले. तिचा हात पट्टीखाली गेला.

बरोबर त्या दोघांच्या मध्ये.

मधले तीनही दिवे लाल झाले.

वहिनी किंचाळली. तिचं सगळं अंग पुढे खेचलं गेलं. मी तिच्यापर्यंत पोचलोही नव्हतो, आणि…

लाइट गेली.

ठक्. ब्रेक लागला. सिलिंडर जागच्या जागी थांबला.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात. नेहमीचंच आहे. ती त्या क्षणी गेली.

मी वहिनीला मागे ओढलं. बोटांची टोकं रोलरला टेकली होती. दोन नखं खरवडली होती, बाकी हात शाबूत. मी ती बोटं पुन्हा पुन्हा मोजली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मावशीने तिचं मनगट उजेडात धरलं. मनगटाच्या एका बाजूला निळा डाग. दुसऱ्या बाजूला एक छोटा डाग. मध्ये काही नाही.

मावशी खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला.

"त्येंनीच धरलं पोरीला," ती म्हणाली. "आपल्यासारखं हिचं होऊ नाही म्हणून आले."

धनेश मशीनसमोर पालथा पडून रडत होता. संध्याकाळी काकांच्या फोटोला हार घातला, नारळ फोडला. शेजारच्या खोल्यांतली पोरं पाया पडून गेली. सासऱ्याने सुनेचा हात वाचवला, ही गोष्ट दोन दिवसांत चाकणपर्यंत पोचली. मलाही तीच खरी मानायची होती.

त्याच दुपारी वहिनीला मी बाइकवर दवाखान्यात नेलं होतं. मलमपट्टी झाली. बाहेर पडताना ती थांबली. मलमपट्टी बांधलेल्या हाताने तिने माझी बाही धरली.

"भाऊजी, तुम्हाला एक सांगते. आईंना सांगू नका."

मी म्हटलं, सांग.

"मला मागे नाही ओढलं. आत ओढलं."

तिला म्हणे गार बोटं लागली. एक इकडून, एक तिकडून. घाईने नाही, सवयीने धरावं तशी. आणि आत काहीतरी शोधायला मदत मागावी तसा तिचा हात पुढे नेला. लाइट गेल्यावर ती बोटं सुटली.

परत शेडवर येऊन मी जंपर काढून फेकला, सेन्सर पुन्हा जोडला. वहिनीने त्या दिवसापासून शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. तिने केलं ते बरोबर केलं.

पण आठ दिवसांनी गेलो तर जंपर पुन्हा जागेवर. मशीन चालू. आणि पुढे मावशी उभी.

ती कापूस घालत होती. काठी नव्हती. हात रोलरच्या अगदी जवळ. मी बटण दाबून मशीन बंद केलं. पुष्कळ बोललो, आवाजही चढवला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, ते हायेत की जवळ, तुझ्या दिव्याचं काय काम.

तेव्हा माझा संयम संपला. वहिनीचा शब्द मोडून मी मावशीला सगळं सांगितलं. ते वाचवत नव्हते मावशी, ते आत ओढत होते.

मावशी तोवर गादीला टाका घालायला बसली होती. तिने दोरा तोडला. सुई गादीत खोचून ठेवली.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "माजं बी मनगट धरतेत. रोज धरतेत."

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिने बांगड्यांसकट ते पदराखाली घेतलं.

"कामून भ्यायचं, ज्ञाना? लगीन झाल्यापून त्येंनी ओढलं तिकडंच गेलेय मी. केजहून हितं त्येंनीच आणलं का नाही?"

ती हे हसत म्हणाली. मला त्या हसण्याची भीती वाटली, काकांची वाटली नव्हती तेवढी.

मी धनेशला सांगून पाहिलं. त्याला वाटतं मला काकांच्या चमत्काराचा हेवा वाटतो, कारण माझा सेन्सर फेल गेला. आई आता किती खूश असते बघ, म्हणतो. त्याचं खोटं नाही. ती खरंच खूश असते.

पट्टीवरचे दिवे आता जवळजवळ सतत लाल असतात. त्यांचं ऐकणारं कुणी नाही.

काकांना काय हवंय, मला माहीत नाही. ती तीन बोटं शोधतायत? की सोबत हवीय? मी रात्री अंथरुणावर पडलो की हात उशीखाली घेतो. बायको हसते.

हे सगळं आजच लिहायला बसलो, कारण सकाळी धनेशचा फोन आला होता. आवाज अगदी नेहमीचा.

"भावा, तेवढा ब्रेक काढून दे ना. लाइट गेली की मशीन एकदम झटक्यात थांबतं. आई म्हणते, उगाच मध्येच सुटल्यासारखं होतं."

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. मी ब्रेक काढणार नाही. पण तो चार बोल्टवर बसवलाय, मीच बसवलाय. काढायला एक पाना पुरतो, आणि धनेशकडे पाना आहे.