मांडी घालणारा पाय

माणूस नाही, नुसता पायच. काचेच्या पेटीत तो गुडघ्यात वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. हा एवढ्या घाईने निघालाय तरी कुठे, हे वेणूला कळेना.

"यंत्रपाय आहे तो," नाना म्हणाले. नाना म्हणजे वेणूचे आजोबा. खाडीकाठच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. "त्याच्या गुडघ्यामागे रबरी रक्तवाहिनी आहे. तिच्यात आमचा नवा स्टेंट (अरुंद रक्तवाहिनी उघडी धरणारी, धातूच्या जाळीची नळी). दहा वर्षांचं चालणं हा चार महिन्यांत चालतो."

"कशाला पण?"

नानांनी तिच्या हाती तार दिली. "वाकव. पुन्हा वाकव."

वाकवता वाकवता तार गरम झाली आणि कट्‌कन तुटली.

"हा धातूचा थकवा (पुन्हा पुन्हा वाकून भेग पडणं). अंगात स्टेंट तुटला तर रक्ताची वाट अडते. म्हणून त्याला आधी इथे थकवायचं. उद्या चाचणी संपली, की सोमवारी अक्काच्या पायात."

अक्का ही नानांची थोरली बहीण, बंदरावर जाळी विणणारी. पायाला रक्त पुरेना, म्हणून चार पावलं चालली की पोटरी धरून उभी राही. आत्ता ती तिथेच, जमिनीवर मांडी ठोकून बसली होती.

"दाम्या, तुझ्या खुर्चीत नाही हो बसायची मी. पाहुणी झाल्यासारखं वाटतं," ती नानांना म्हणाली.

वेणूने अक्काच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग यंत्रपायाकडे.

"नाना, हा मांडी कधी घालतो?"

नानांनी हालचालींची यादी पुन्हा पाहिली. पायाला शिकवलेल्या हालचाली परदेशातून आल्या होत्या. चालणं, जिना, खुर्ची. मांडी त्यांत नव्हतीच.

"जन्मभर पाटावर जेवलास, ते वाया गेलं म्हणायचं!" अक्का म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "म्हणजे सोमवार नाही?"

"नाही, अक्का."

यंत्रपाय मांडी शिकला. तिसऱ्या आठवड्यात पेटीवरचा लाल दिवा लागला. गुडघा पुरता दुमडताना जाळीच्या दोन कड्यांमधला सरळ दुवा तुटला होता. नानांनी नवे दुवे नागमोडी केले. आता वाक एकाच जागी न पडता साऱ्या नळीभर वाटला जाई. या वेळी चारही महिने दिवा हिरवाच राहिला.

पुढे शस्त्रक्रिया झाली. अक्का बंदरापर्यंत न थांबता चालत गेली, मांडी घालून बसली आणि तिने जाळं पुढ्यात ओढलं.

प्रयोगशाळेत मात्र पाय चालूच होता.

"आता कशाला?" वेणूने विचारलं.

"तो अक्काच्या पुढे चालतोय," नाना म्हणाले. "काही तुटायचंच असेल, तर ते आधी इथे तुटेल."