बापूंच्या परवानगीशिवाय

घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकता येतात, चष्मा कपाटात ठेवता येतो. पण घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचं खातं असेल, तर त्याचं तुम्ही काय करता?

आम्ही काहीच केलं नाही. करता येत नव्हतं. ते का, हे आधी सांगते.

आमचं घर नर्मदेकाठच्या शहरात, चेरीताल मोहल्ल्यात. बापू म्हणजे माझे सासरे. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर ते स्टोअर घरी घेऊन आले. दहा-बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आणला, तेव्हा तोही त्यांनी स्टोअरसारखाच लावला. सुरू केला की पडद्यावर चार चौकोन येत. एक बापूंचा, एक ह्यांचा, एक माझा आणि एक माझ्या मुलीचा, अवंतीचा. ज्याने त्याने आपल्या चौकोनात जायचं. सगळ्यांना लागणाऱ्या फायली ‘सामाईक’ नावाच्या कप्प्यात ठेवायच्या. नवीन प्रोग्राम टाकायचा तर बापूंचा पासवर्ड लागे. तो त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही.

“काय पाहिजे ते सांगा, मी इश्यू करतो,” म्हणायचे.

मराठी टाइप करायचा प्रोग्राम त्यांनी सगळ्यांना इश्यू केला होता. अवंतीचा चित्रांचा प्रोग्राम मात्र तिच्या एकटीच्या खात्यात, आणि तिचं खातं उघडायचं फक्त संध्याकाळी सात ते नऊ. तशी वेळच लावून ठेवली होती त्यांनी. अवंती त्याला आजोबांचा मालखाना म्हणायची.

मागच्या दिवाळीनंतर बापू गेले. दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण खाली एकही येत नव्हता. ह्यांनी सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, “बापू, तुमच्या कॉम्प्युटरवरचं तुमचं खातं कोणी मिटवणार नाही.” शब्द संपायच्या आत कावळा उतरला. मी पायऱ्यांवर उभी होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून ते खातं राहिलं, आणि पासवर्ड बापूंबरोबर गेला.

मे महिन्यातली गोष्ट. अवंती पुण्याला गेली होती, चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेशासाठी. हे रेल्वेत गार्ड, त्या दिवशी गाडी घेऊन इटारसीला. दुपारी अडीचला मी जेवण आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात अवंतीचा फोन आला.

“आई, सुन ना. पेनड्राइव्ह खराब झाला. एकही चित्र उघडून नाही राहिलं. हे लोक म्हणतात, पाच बजे तक अठराही चित्रं द्या, नाहीतर नंबर पुढच्याला.”

“घरी आहेत ना?”

“मी निघायच्या आधी सामाईकमध्ये कॉपी करून ठेवली. माझं खातं तर आत्ता उघडणारच नाही, आजोबांची मेहरबानी. तू तुझ्या खात्यातून मला मेल कर. बस.”

“करते. तू काही खाल्लंस का?”

“आई! चित्रं!”

एवढंच काम होतं. मी हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेले.

बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी खोलीत संध्याकाळसारखा अंधार. कूलर घरघरत होता आणि ओल्या खसचा, वाळ्याचा, वास भरला होता. मी कॉम्प्युटर लावला, माझ्या खात्यात गेले, ‘सामाईक’ उघडलं. खाली लिहिलं होतं, अठरा फायली. मला बरं वाटलं. मेल लिहायला घेतली आणि चित्रं उचलायला परत आले, तर सतरा.

वाटलं, मोजायला चुकले. पदराने चष्मा पुसला. सोळा.

मग मी हात न लावता नुसती बघत बसले. पंधरा... चौदा... कोणीतरी फळीवरून एकेक डबा उतरवून नेत असल्यासारखी चित्रं जात होती. शेवटी कप्पा रिकामा झाला. शेजारीच बापूंच्या नावाचा कप्पा होता, त्यावर छोटं कुलूप. त्याच्याखाली अठरा हा आकडा आला.

मी त्या कुलपावर टिचकी मारली. पाटी आली: या कामासाठी बापू यांची परवानगी लागेल. पासवर्ड लिहा.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर हळूहळू थांबला. पंखा थांबला. एवढी शांतता झाली की कूलरच्या टाकीत पडणारा एकेक थेंब ऐकू यायला लागला. आणि पडदा मात्र उजळलेला. बॅटरीचा डबा आम्ही दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिला होता. नेटच्या डब्याचे हिरवे दिवेही लुकलुकत होते. खसचा वास विरला आणि त्याजागी निलगिरीचा वास आला. बापू गुडघ्यांना निलगिरीचं तेल लावायचे.

उठून बाहेर जावं, शेजारी जाऊन बसावं, असं वाटलं. पण घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तिकडे पोरगी थांबली होती.

मी बापूंचं जन्मसाल टाकलं. चूक. पाटीखाली एक ओळ आली. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून माणूस स्वतःच लिहून ठेवतो, तशी सूचना. ‘फॅक्टरीचा टोकन नंबर.’

तो नंबर मला पाठ होता. ते निवृत्त होईपर्यंत रोज त्यांचा डबा मी घासला, त्याच्या झाकणावर कोरलेला होता. मी टाकला.

चूक. आणि खालची ओळ बदलली.

‘सूनबाई, तू...?’

पाठीमागे, भिंतीशी, बापूंची वेताची खुर्ची होती. ती किंचित करकरली. माणूस पुढे वाकून बघतो तेव्हा करकरते, तशी.

त्या चौकोनात काहीही लिहिलं तरी काळे ठिपकेच उमटतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी लिहिलं, अवंतीची चित्रं पाहिजेत. ठिपके उमटले. चूक.

‘काहून?’

तोच शब्द. माहेरी जाऊ का म्हटलं तर काहून, शेजारणीबरोबर नर्मदेवर जाऊ का म्हटलं तर काहून. ओरडून नाही, अगदी हळू विचारायचे. उत्तर देता देता माणूस थकून आपणच नको म्हणायचा.

मी लिहिलं, तिला प्रवेश घ्यायचा आहे.

‘पोरीला बाहेर पाठवायचं नाही.’

‘बापू, तुम्ही आता नाही आहात,’ मी लिहिलं.

टाकीत थेंब पडत राहिले. निलगिरीचा वास मानेजवळ आला, अगदी केसांशी. मग ओळ आली.

‘मागे बघ...’

मी मागे बघितलं नाही. तुम्ही म्हणाल, भीतीने. भीती होतीच, खोटं कशाला सांगू? पण घड्याळही होतं. तीन पन्नास. मागे बघत बसले असते तर पाच वाजले असते.

फोन वाजला.

“आई, मेल नाही आली अजून. काय झालं?”

“येऊन राहिली.”

“तुझा आवाज असा काहून येतोय? कोणी आलंय का घरी?”

“कोणी नाही. तू तिथेच थांब. कोणी उठ म्हटलं तरी उठू नको.”

फोन ठेवला आणि मला आठवायला लागलं. मी जवळच्याच पाटनची, शाळामास्तरांची मुलगी. बारावीला तालुक्यात मुलींमध्ये दुसरी आले होते. लग्न करून या घरात आले तेव्हा बीएचा फॉर्म आणि मार्कशीट बॅगेत होती. बापू म्हणाले, दे, मी सांभाळून ठेवतो. कपाटात ठेवली. मी दर आठवड्याला विचारायची आणि ते म्हणायचे, ठेवलीय ना सांभाळून. तारीख निघून गेली. कोणी रागावलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. फक्त तारीख निघून गेली.

मी तेच लिहिलं. माझाही फॉर्म तुम्हीच ठेवला होता.

ओळ लगेच आली. ‘तो सांभाळून ठेवला आहे.’

तेव्हा माझी भीती कुठे गेली मला माहीत नाही. मी बावीस वर्षांत त्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता, आणि तेव्हाही चढवला नाही. पण लिहिलं. ठिपक्यांमागे लिहीत गेले, एकामागून एक, चूक आलं की पुन्हा. तुमची पथ्यं मी सांभाळली. तुमचं शेवटचं तीन महिन्यांचं आजारपण मी काढलं. तुमच्या पिंडाला नमस्कार मी मनापासून केला. या घरात तुमचं जे आहे ते तुमचंच राहील. पण अवंती तुमच्या स्टोअरमधली वस्तू नाही. खालची ओळ बदलत होती, काहून, काहून, काहून, मी वाचणं सोडून दिलं होतं. खुर्ची आता सारखी करकरत होती. शेवटी मी लिहिलं,

पोरगी जाणार. मी विचारत नाही, सांगून राहिले.

आणि कुलूप उघडलं.

तोच पासवर्ड होता, असं मी म्हणणार नाही. कसा असेल? मला एवढंच ठाऊक आहे की पाटी गेली आणि कप्पा उघडला. आत अवंतीची अठरा चित्रं होती. त्यांच्याखाली आमच्या नावांचे कप्पे. ‘ज्योती’ लिहिलेल्या कप्प्यात माझा बीएचा कोरा फॉर्म होता, मार्कशीट होती, स्कॅन करून नीट लावलेली.

वीज अजून आली नव्हती. मी म्हटलं, चालतंय तोवर चालवून घेऊ. तीन-तीन चित्रं जोडून सहा मेल पाठवल्या. शेवटची गेली तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दहा मिनिटांनी अवंतीचा फोन आला, हसत आणि रडत.

“झालं, आई! जमा झालं! पावती मिळाली!”

“आता माझं एक काम कर. या कॉम्प्युटरवर मुखत्यार मला व्हायचंय. कुठे दाबायचं ते सांग.”

“तू आजोबांच्या कप्प्यात घुसलीस? पासवर्ड कुठे मिळाला?”

“ते राहू दे. सांग.”

तिने एकेक पायरी सांगितली. या वेळी परवानगीची पाटी आडवी आली नाही. माझं खातं मुख्य केलं, नवा पासवर्ड टाकला. अवंतीच्या खात्याची सात ते नऊची वेळ काढून टाकली. मग बापूंच्या नावावर आले.

“डिलीट ही कर दो ना, आई.”

“नाही. वचन दिलंय. कावळा शिवलाय त्या वचनावर.”

“मग?”

“वचन खातं ठेवायचं होतं. हक्क ठेवायचं नव्हतं.”

“अच्छा! आई, तू तो वकील निकली!”

बापूंचं खातं मी साधं केलं, आमच्या तिघांची होती तसं. इतकी वर्षं ज्याला मुख्य म्हणत होतो, त्याला साधं करायला एकच टिचकी लागली. तेव्हा माझ्या मागे खुर्ची एकदाच करकरली, उठताना करकरते तशी, आणि लाइट आली. कूलर सुरू झाला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा खुर्ची जागेवर होती. तिची गादी मधोमध दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती.

संध्याकाळी मी दिवा लावला, बापूंच्या फोटोला नमस्कार केला, कॉम्प्युटर बंद केला. झोपायच्या आधी तो बंद असल्याचं दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हे ड्यूटीवरून आले. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाले, “ज्योती, कॉम्प्युटर काहून चालू ठेवला?” मी जाऊन पाहिलं. पडदा उजळलेला होता, बापूंचं खातं उघडं होतं, आणि मधोमध पाटी होती: या कामासाठी ज्योती यांची परवानगी लागेल. पासवर्डच्या चौकोनात पाच काळे ठिपके होते. मी बघत असताना सहावा उमटला. मग सगळे पुसले गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, एकेक उमटायला लागला. मी ह्यांना चहा दिला, माझा कप घेतला, आणि खुर्ची ओढून समोर बसले.