बुधवारी बाराच्या आत

"ही वेळ माझी आहे," मी दारातूनच म्हणाले.

तळघरातल्या वॉशिंग मशीनसमोर एक उंच मुलगा वाकून कपडे भरत होता. त्याने मागे वळून पाहिलं. हातात एकच ओला मोजा, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव... पण क्षणभरच.

"होती," तो म्हणाला. "आठ ते अकरा. आता नऊला पाच कमी आहेत. अर्ध्या तासात आलं नाही, तर वेळ ज्याला हवी त्याची. भिंतीवर लावलंय बघ."

बघायची गरज नव्हती. आमच्या इमारतीत माणसं एकमेकांची नावं विसरतील, पण धुलाईखोलीचे नियम विसरणार नाहीत. गेल्या वर्षी मीच हा नियम चौथ्या मजल्यावरच्या बाईंना ऐकवला होता, तोही अगदी गोड आवाजात. आता बसा.

एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या काखेत उघडा लॅपटॉप घेऊन मी तिथेच उभी राहिले. भांडायचं होतं, पण आज भांडायलाही वेळ नव्हता. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता आणि पडदा मात्र काळाकुट्ट, सकाळी सहापासून तसाच.

"काय म्हणतोय तो?" त्या मुलाने विचारलं.

"काहीच म्हणत नाहीये. तेच तर."

आणि मग माझं सगळं बाहेर पडलं. अनोळखी माणसाजवळ, ओल्या मोज्याच्या साक्षीने. विद्यापीठाने तीन पत्रं पाठवली होती — सुट्टीच्या आधी आपापल्या संगणकावर नवी प्रणाली चढवून घ्यावी. तिसरं पत्र आलं तेव्हा मला अपराधी वाटलं आणि मंगळवारी झोपताना मी 'आत्ता करा' वर बोट दाबलं. कोणी सांगितलं होतं का आत्ता करायला? सांगितलं होतं, म्हणून तर केलं. आम्ही उमिओ शहरातली माणसं अशीच, सरकारी पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला तर रात्रभर कूस बदलतो.

"त्यात काय होतं?" त्याने हळूच विचारलं.

"माझा प्रबंध. चार वर्षांचा. आज छापखान्यात द्यायचाय."

"पाच वाजेपर्यंत वेळ आहे मग."

"बारापर्यंत. उद्या लाल दिवस आहे ना."

त्याने मोजा खाली ठेवला. लाल दिवस म्हणजे सुट्टी, त्याच्या आदल्या दिवशी अख्खा देश दुपारी बाराला कुलूप लावतो, आणि मधल्या शुक्रवारी कामावर जाणारा माणूस दुर्बीण लावूनही सापडत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीच नेमकी विसरले होते, आणि सगळं पाचच्या हिशेबाने आखून बसले होते.

"विद्यापीठाची मदत?"

"केला फोन. माझ्यापुढे चौदा जण. सगळ्यांनी काल रात्रीच दाबलेलं दिसतंय. म्हणाले, सोमवारी बघू."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी प्रबंध खिळ्याने ठोकायचाय."

याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. विद्यापीठाच्या फळीवर हातोडीने पुस्तक ठोकल्याशिवाय आमच्याकडे कोणाला डॉक्टर होता येत नाही, आणि ठोकल्यानंतर तीन आठवडे लोकांना वाचायला द्यावे लागतात. सोमवार हुकला की माझी जूनमधली परीक्षा हुकणार, ती हुकली की पदवी ऑक्टोबरवर जाणार. आणि सीमेपलीकडच्या ट्रॉम्सो शहरातली माझी नोकरी ऑगस्टमध्ये सुरू होणार होती, पदवी हातात असेल तरच.

"दुसरी प्रत नाही?"

"आहे. तीन आठवड्यांपूर्वीची. शेवटचं प्रकरण त्यानंतर लिहिलंय." मी थांबले. "हस. हस की."

तो हसला नाही. "मी मेल्कर. शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दिवे घालवू?"

"काय?"

"दिवे. या खोलीतले."

परवानगीची वाट न बघता त्याने बटण दाबलं. तळघरात मिट्ट काळोख झाला. मग त्याच्या फोनचा उजेड माझ्या पडद्यावर तिरका पडला. "वाक," तो म्हणाला. "आणखी जवळ ये."

मी वाकले. त्याच्या बाहीला धुण्याच्या साबणाचा वास होता. आणि त्या तिरक्या उजेडात, पाण्याच्या तळाशी काही दिसावं तसं, पडद्यावर पुसट दिसलं — माझं नाव, आणि त्याखाली पासवर्डची चौकट.

"जिवंत आहे," मेल्कर कुजबुजला. "नुसता आंधळा झालाय. नव्या प्रणालीला याचा पडदा पेटवता येत नाहीये. माझ्या टीव्हीला जोडू. दुसरा मजला."

"तुझे कपडे?"

"फिरतील ते. तुझ्या वेळेत."

त्या अवस्थेतही मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

त्याच्या दारात मी घाईघाईने बूट काढले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ सव्वानऊ दाखवत होतं. दाराशी एक भरलेली प्रवासी पिशवी उभी होती. "कुठे निघाला होतास?" मी विचारलं. "बहिणीकडे. दहाची बस," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसून टीव्हीमागे तार शोधू लागला.

लॅपटॉप जोडला, पण टीव्हीही काळाच. "आत शिरल्याशिवाय दाखवणार नाही," मेल्कर म्हणाला. "पासवर्ड टाक. न बघता."

"तुला सांगू का, तू टाक?"

"मला मुळीच सांगू नकोस. असं कोणालाही सांगायचं नसतं." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, अगदी शहाण्या मुलासारखं.

माझी बोटं आखडली होती. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. बाहेर खिडकीवर मे महिन्यातला बारीक, गार पाऊस वाजत होता. "इल्वा," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. माझं नाव त्याला पडद्यावरून कळलं असणार. "श्वास घे. मग एक एक अक्षर."

तिसऱ्यांदा टीव्ही उजळला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो काही शोभण्यासारखा नव्हता. मेल्कर वळला, दोघं एकमेकांकडे बघून हसलो... आणि मग दोघांनी एकदमच टीव्हीकडे पाहिलं.

तिथे काहीच नव्हतं. निळी पाटी कोरी. एकही फाइल नाही, एकही फोल्डर नाही. माझं शेवाळ नाही — हो, शेवाळ, चार वर्षं मी उत्तरेतल्या दगडांवरचं शेवाळ मोजत होते — त्याचे तक्ते नाहीत, शेवटचं प्रकरण नाही.

मी सरळ जमिनीवर बसले.

"पुसलं गेलं," मी म्हणाले.

"थांब. लगेच रडायचं नाही. ही नवी प्रणाली नवं घर थाटते आणि जुनं सामान माळ्यावर टाकून देते. कुठल्या माळ्यावर, ते मात्र सांगत नाही. शोधू."

तो शोधत राहिला. दहा वाजले, त्याची बस गेली असणार. त्याने घड्याळाकडे पाहिलंही नाही. मी मात्र पाहिलं. साडेदहा झाले. एक फोल्डर सापडला, तर 'परवानगी नाही' असं म्हणून अडला. मेल्कर हळू आवाजात त्याची आईबहीण काढत होता, आणि मधेच मला विचारत होता, बहुधा मी बोलत राहावं म्हणून —

"शेवाळ किती वाढतं वर्षात?"

"अर्धा मिलिमीटर."

"आणि तू ते चार वर्षं बघत बसलीस. म्हणजे दोन मिलिमीटर."

"काही लोकांना धीर असतो."

"हो," तो म्हणाला. "काही लोकांना जरा जास्तच असतो." असं का म्हणाला, कोण जाणे. त्याचे कान मात्र लाल झाले.

"आणि ट्रॉम्सोला काय आहे?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आणखी शेवाळ. कायमची नोकरी."

"कायमची," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

सव्वाअकराला मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन छापखान्याच्या गुन-ब्रितला फोन लावला. "बाराला मी मशीन लावून निघते," ती म्हणाली. "बाराच्या आत आलं तर सोमवारी सकाळी पुस्तकं तयार. बारा वाजून एक मिनिटाने आलं तर मी गाडीत असेन, पोरी. माझ्या बोटीला रंग द्यायचाय." मी विनवलं, चक्क विनवलं. मग फोन ठेवून सिंकची कड धरून उभी राहिले आणि रडले. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडला होता.

बाहेर आले तेव्हा मेल्कर मांडीवर हात ठेवून बसला होता. "इल्वा," तो म्हणाला, "सापडला."

टीव्हीवर माझं शेवटचं प्रकरण होतं. एकसष्ट पानं, तळटिपांसकट.

पुढची वीस मिनिटं मला धड आठवत नाहीत. पानं तपासली, छापायची प्रत काढली, पाठवली. बाराला आठ मिनिटं कमी असताना गुन-ब्रितचं उत्तर आलं — मिळालं, सुट्टी मजेत घालव. मी मेल्करला मिठीच मारणार होते. पण तो दोन पावलं मागे सरकला.

"आधी ऐक," तो म्हणाला. "तू फोनवर होतीस ना, तेव्हाच सापडला होता. मी पाच मिनिटं सांगितलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी आत रडत होते."

"माहितीये. नळातूनही ऐकू येत होतं."

"आणि तू इथे बसून राहिलास?"

"हो."

"का?"

त्याने मान खाली घातली. "फाइल छापखान्यात गेली की तू ट्रॉम्सोला जाणार. दीड वर्ष झालं, मी तळघरात, धुण्याची वेळ राखून ठेवायच्या फळीवर तुझं कुलूप बघून पुढच्या वेळेला माझं लावतो. तू कपडे काढत असतेस, मी दारात उभा असतो. तू 'हेई' म्हणतेस, मी 'हेई' म्हणतो... बस. आज तू आली नाहीस, तर मी खाली कपडे घेऊन उभा राहिलो, येशील म्हणून. आणि आलीस तर नियम ऐकवला." त्याने नाक पुसलं. "आज पहिल्यांदा तू माझ्या घरात होतीस. त्या पाच मिनिटांत मी काही ठरवत नव्हतो, इल्वा. सापडलंच नाही तर, एवढंच मनात येत होतं. मग तुझ्या रडण्याची लाज वाटली. माझी जास्त वाटली."

दारात उभं राहून 'हेई' म्हणणारा मुलगा... मला खरंच आठवत नव्हता. आणि मी रागावले होते, भयंकर रागावले होते. माझी चार वर्षं त्याच्या मांडीवर पाच मिनिटं पडून होती. पण तो न सांगताही सुटला असता. मला कधीच कळलं नसतं.

"बोलून झालं तुझं?" मी विचारलं.

"झालं."

"मग बस तिथे. मी उत्तर देणार आहे. पण पाच मिनिटांनी. तेवढा वेळ तूही काढ."

तो बसला. मी समोर बसले आणि घड्याळाकडे बघू लागले. पहिलं मिनिट मी खरोखर संतापलेली होते. दुसऱ्या मिनिटात त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तिसऱ्या मिनिटाला मला दाराशी उभी असलेली त्याची पिशवी दिसली. तो मुकाट बसून होता, काही मागत नव्हता, सबबी सांगत नव्हता. गुडघ्यावरची बोटं तेवढी घट्ट आवळलेली. सकाळी पासवर्ड टाकताना माझीही अशीच झाली होती, आणि तेव्हा तो श्वास घे म्हणाला होता. मला या मुलाला सोडून जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अचानक, की मला माझीच भीती वाटली.

साडेतीन मिनिटं झाली. माझाच धीर सुटला.

"ट्रॉम्सोच्या शाळांत कॉम्प्युटर बिघडत असतील ना?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते, तरी घड्याळाकडे बोट दाखवलं. "अजून... दीड मिनिट आहे."

मी उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याची आवळलेली मूठ माझ्या दोन्ही हातांत घेतली.

"दीड मिनिट तुला माफ," मी म्हणाले.