आरती व्हायची होती

आमच्या निसर्ग मंडळात मला प्रत्येक सहलीला नेतात ते माझ्या पिशवीतल्या चकल्यांसाठी, असं गिरीश म्हणतो. तो महाराणा प्रताप नगरात कोचिंगला जीवशास्त्र शिकवतो आणि मंडळही चालवतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता बाग सेवनियात राहते, आणि भोपाळात कुठंही कीर्तन असलं की रिक्षा करून जाते.

यंदा दिवाळीनंतर आम्ही थेट कर्नाटकात, आगुंब्याच्या वर्षावनात गेलो. सोबत माझी भाची नेहा होती. "ताई, तुझ्या भरवशावर पाठवतेय," असं तिची आई, माझी धाकटी बहीण कल्पना, स्टेशनवर दोनदा म्हणाली होती.

"मावशी, जंगल में कीर्तन मत शुरू करना हं," नेहा वाटेत चिडवत होती. "साप पळून जातील."

"बसतीलही गं. श्रोता कोण, कुणी सांगावं?"

आत शिरलो तसा उजेडच हिरवा झाला. आभाळ दिसेना. पाऊस नव्हता, तरी पानापानांतून पाणी ठिबकत होतं. बुंध्यांवर शेवाळाची गादी, बुटांवर जळवा, आणि भरदिवसा रातकिड्यांचा एकच लांब सूर. देवानं हे कुणासाठी एवढं सजवलं असेल, असं मनात येत होतं.

दुपारी धुकं उतरलं. ओढा ओलांडून मागं पाहिलं, तर नेहा नव्हती.

गिरीशनं शिट्ट्या फुंकल्या. आम्ही घसे फोडून हाका मारल्या. आवाज जरा पुढं जाऊन विझत होता. एवढ्या ओल्या, दाट पानांत आवाज शोषला जातो, प्रतिध्वनी उमटत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलंय. कल्पनाला काय तोंड दाखवू, एवढंच आता डोक्यात घुमत होतं.

"काकू, रडू नका," गिरीश म्हणाला. "तुमचा आवाज खणखणीत आहे. गा काहीतरी. ती ओळखेल."

मी टाळी धरली आणि गजर सुरू केला. विठ्ठल, विठ्ठल.

रातकिडे थांबले.

आणि धुक्यातून उत्तर आलं. आधी झांज, मग गळे. बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे, शंभर तरी असावेत. मी खालच्या सुरावर सोडलेला गजर त्यांनी वरच्या सुरात उचलला होता.

"गावातले लोक असतील," गिरीश म्हणाला. मग स्वतःच पुटपुटला, "पण इकडे गाव नाही." त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मी थांबले. ते थांबले नाहीत.

लय चढत गेली. फांद्यांवरचे थेंब थरथरत होते, पडत नव्हते. खरं सांगते, भीती वाटली नाही. इतकं सुरेल मी जन्मात ऐकलं नव्हतं. हात आपोआप जोडले गेले.

मग सगळं शांत.

नेहा मागून आली, आम्ही आलो त्याच वाटेनं. हसत. आम्ही सगळे निथळत होतो. तिचे केस कोरडे होते, कुर्ताही कोरडा. मी तिला घट्ट धरलं. तिच्या तळव्यांना कापराचा वास येत होता.

"कुठं होतीस गं? किती हाका मारल्या!"

"ऐकू येत होत्या ना. पण मावशी, मध्येच कसं उठणार? आरती व्हायची होती."

ही पोर आजवर एकाही कीर्तनाला बसलेली नाही.

"कोण होतं तिथं?"

"बहुत सारे लोग. किती प्रेमानं बसवलं मला!" मग ती माझ्या कानाशी आली. "माझ्या शेजारी एक जागा रिकामी होती. रुमाल टाकून धरून ठेवलेली. मी विचारलं, कोणाची? तर म्हणाले, तुझ्या मावशीची. आज नाही, पण येणार आहेत."

मी कमरेला हात लावला. सकाळी खोचलेला रुमाल तिथं नव्हता.