एर्मेलिंडाने सांभाळलेले कोट

हाँगकाँगच्या त्या हॉटेलात एर्मेलिंडा ओझोरियो अकरा वर्षं पाहुण्यांचे कोट सांभाळत होती. कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा, कोट खुंटीला लावायचा. एकेचाळीसच्या डिसेंबरातल्या त्या शनिवारी दुपारपासूनच गर्दी उसळली होती. इंग्लंडला लढाऊ विमानं घेऊन द्यायची म्हणून मदतीचा नाच ठेवला होता. लढाई अजून लांब होती, आणि बँड जोरात वाजत होता.

पहिला कोट एका मेजरच्या बायकोचा, पांढऱ्या फरचा. हातात घेताच एर्मेलिंडा चपापली. कोट ओलाचिंब होता, जड. वास मात्र पावसाचा नव्हता... जळक्या लाकडाचा, उकरलेल्या मातीचा.

"आ-यिन, हात लावून बघ गं."

सोबत काम करणाऱ्या आ-यिनने फर गालाला लावली. "ठणठणीत कोरडी आहे. अत्तराचा घमघमाट येतोय. थकलीस का?"

दुसरा कोट तसाच. तिसरा कोरडा. चौथा, पाचवा पुन्हा ओले. एर्मेलिंडा एकेक खुंटीला लावत गेली.

चारच्या सुमाराला तिचा मुलगा लिओनेल आला. अंगावर स्वयंसेवक पलटणीचा गणवेश, सोबत बायको डेल्फिना, तिच्या कडेवर पाच महिन्यांची पोर.

"ममा, आम्हालाही बिल्ला घ्यावा लागणार का?" हसत हसत त्याने ओव्हरकोट पुढे केला.

तिने बाहीत हात घातला. आत गार चिखल होता.

डेल्फिनाची शाल तिने ओढूनच घेतली. तोच वास... बाळाच्या टोपड्यालासुद्धा.

"सहाला मकावची बोट आहे. तिघंही निघा."

"वेड लागलंय का तुला? सोमवारी माझी हजेरी आहे."

"मग तू राहा. ह्या दोघींना मी नेणार."

"ममा, हळू... लोक बघताहेत."

"बघू देत. अकरा वर्षं मीच त्यांना बघत आलेय."

"निदान एक नाच तरी होऊ द्या हो!" डेल्फिना रडकुंडीला आली. एर्मेलिंडाने पोर स्वतःच्या कडेवर घेतली आणि ती चालू लागली. डेल्फिनाला मागोमाग यावंच लागलं. बोट सुटल्यावर एर्मेलिंडाने टोपडं हुंगलं. दूध आणि पावडर, बाकी काही नाही.

सोमवारी सकाळी हाँगकाँगवर जपानी बॉम्ब पडले. नाताळच्या दिवशी शहर शरण गेलं. पोर्तुगीजांचं मकाव तेवढं लढाईबाहेर राहिलं.

लिओनेल परतला नाही. पावणेचार वर्षांनी कैद्यांच्या छावणीतून सुटलेला त्याचा सोबती फेलिसियानो मकावला तिला भेटायला आला.

"शेवटची रात्र आम्ही टेकडीवर काढली, मावशी. पोटात गोळी होती त्याच्या. पाऊस थांबेचना. ग्लानीत सारखा म्हणायचा, 'सरका रे, ममाला बसू द्या.' आम्ही सरकलो... त्याचं मन कशाला मोडायचं?"

"मग?"

फेलिसियानोने मान खाली घातली.

"सकाळी त्याला उचललं. सगळ्या टेकडीचा रेंदा झाला होता. त्याच्या उशाशी तेवढी एक जागा कोरडी होती... एक माणूस बसेल एवढीच."