ऐरणीचा उगम

यास्मिननं ऐरणीवर धातुवाचक टेकवला आणि सवयीनं पुढच्या नगाकडे वळली. यंत्राला तीन सेकंद पुरत. जालन्यातल्या तिच्या भंगाराच्या गोदामात दिवसाला चारेकशे नग येत, आणि उगम नोंदवल्याशिवाय त्यातला एक खिळाही घेता येत नसे. पुलांचे कठडे आणि गटारांची झाकणं चोरीला जाऊ लागली, तेव्हापासूनचा हा कायदा. प्रत्येक भट्टी आपल्या धातूत काही सूक्ष्म अशुद्धी सोडते. वाचक त्यांची प्रमाणं मोजून 'भट्टीठसा' काढी आणि नग कुठल्या गावी, कोणत्या साली ओतला गेला ते सांगे.

या वेळी अर्धं मिनिट गेलं. मग पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'भट्टी सापडली नाही. पाच वाजेपर्यंत उगम न भरल्यास चोरीचा माल म्हणून जप्त.'

साडेतीन वाजले होते.

"चोरीची म्हनतंय व्हय?" सारजाबाई सोळंके उसळली. घिसाड्यांच्या या म्हातारीला आता घण उचलवत नव्हता, म्हणून ती ऐरण विकायला आली होती. "माझ्या सासऱ्याच्या बापाची हाय ती. तुज्या डबड्याचा जलम व्हायच्या आधीची!"

"मावशी, डबडं म्हणतंय, मला माहीत नाही."

"मंग त्याला इचार, तुला म्हाईत तरी काय हाय?"

अशा वेळी बहुतेक गोदामवाले यादीतल्या पहिल्याच भट्टीचं नाव दाबून मोकळे होत. यास्मिन धातुशास्त्र शिकलेली होती. तिनं कच्ची मोजमापं उघडली. निकेल आठ टक्के. मँगनीज शून्य. पोलादात मँगनीज नाही, म्हणजे वरणात मीठ नाही!

तिनं ऐरणीच्या कोपऱ्यावर ग्राइंडर धरला. ठिणगी वाचायला तिला अब्बांनी शिकवलं होतं. पोलादाची ठिणगी पुढे जाऊन फुलते. या ठिणग्या आखूड आणि नारिंगी निघाल्या. एकही फुलली नाही.

"ही कधी भट्टीत घातली होती का, मावशी?"

"ऐरणीला कुनी भाजतं का? येडी का काय!"

भाजलेली नसेल, तर धातूची मूळ वीण आत शाबूत असणार. पितळ तपासायच्या तेजाबाचे चार थेंब तिनं उजळलेल्या कोपऱ्यावर सोडले. राखाडी धातूतून हळूहळू रुपेरी पट्टे वर आले, एकमेकांना छेदणारे, चटईच्या विणीसारखे.

"या बया," सारजाबाई पुटपुटली. "ही नक्षी कुनी काढली?"

"कुणीच नाही. अशी वीण पडायला लोखंड दहा लाख वर्षांत जेमतेम काही अंश, इतकं सावकाश निवावं लागतं. पृथ्वीवर अशी भट्टी नाही, मावशी. ही वरून आलीय. उल्का!"

पण नोंदवहीत 'उगमस्थान' या रकान्यात 'वर' चालणार नव्हतं. गाव हवं होतं. यास्मिननं राज्याच्या सामायिक नोंदवहीत भट्टीच्या नावाऐवजी नुसता ठसा टाकून शोध घेतला. दोन नग जुळले. दोन्ही पहिल्याच भट्टीच्या नावावर दडपलेले. चिखलीकडच्या एका खेड्यातून आलेला दोन किलोंचा गोळा, आणि देऊळगाव राजाजवळचं, जोंधळा जोखायचं पाच किलोंचं वजन. त्याची सात दिवस राखून ठेवायची मुदत आजच संपत होती. ते वजन घेतलेल्या गोदामाच्या बोराड्यांना तिनं फोन लावला.

"बोराडेकाका, ते वजन वितळायला पाठवू नका!"

"अगं, टेम्पोत चढलंय ते, यास्मिन. आता काय झालं त्याला?"

"उतरवा! पाया पडते. ते आभाळातून पडलंय."

"सकाळपासून चहा घेतला नाहीस वाटतं," बोराडे हसले. मग लांबून त्यांची हाक ऐकू आली: "ए, थांबव रे टेम्पो!"

यास्मिननं नकाशावर दोन ठिपके मांडले. उत्तरेकडे हलका तुकडा, दक्षिणेला जड. फुटलेली उल्का अशीच पडते: जडाची झेप लांब. तिनं ठिपके जोडून रेघ पुढे ओढली. तीस किलोंची ऐरण याच रेघेवर सापडली असणार. पण कुठे? रेघ पाहून मावशीनं गाव सांगू नये म्हणून तिनं पडदा झाकला.

"मावशी, सासऱ्यांच्या वडलांना ही कुठं मिळाली?"

"त्या ढवळ्या टेकडीच्या मागं. वढ्यात." सारजाबाईनं गावाचं नाव सांगितलं. यास्मिननं पडदा उघडला. गाव रेघेवर होतं. नेमकं रेघेवर! तिला उडी मारावीशी वाटली.

"आन् ही तर लेक हाय," म्हातारी सहज म्हणाली. "आई तितंच ऱ्हायली, दरडीत. म्हाताऱ्यानं बारा बैल लावले, हलली न्हाई."

यास्मिनची बोटं कळांवर थांबली. गाव भरलं नाही, तर पाचला ऐरण जप्त. भरलं, तर राज्यातल्या प्रत्येक गोदामाच्या पडद्यावर ते दिसणार. मग दरडीतल्या आईला न्यायला ते येणार, आणि त्यांच्याकडं बैल नाहीत, क्रेन आहेत.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिनं सारजाबाईला सगळं समजावलं.

म्हातारी ऐरणीवरची नक्षी बोटानं गिरवत राहिली. "इकायची न्हाई आता. पन लिव, पोरी. चोरीची म्हनून नगं जायला." मग तिनं वर पाहिलं. "यवढंच सांग. लिवल्यावर तिची आई कुनाची व्हनार?"