प्रतीक्षा यादीतली दोघं

"पालकांनी व्हरांड्यात बसायचं. आत फक्त उमेदवार!"

कारकुनाने मान वर न करताच फर्मावलं आणि सुलक्षणा तावडे फाइल छातीशी धरून मुकाट्याने व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. आत टेबलाभोवती सतरा-अठरा वर्षांची पोरं दाटीवाटीने उभी होती. ती सत्तावीस वर्षांची, एका मुलीची आई. कारकुनाची तरी काय चूक?

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, सावळा माणूस बसला होता. शर्टाच्या खिशाला तीन पेन्सिली, तिन्हींना सुईसारखी टोकं. तोही जरा ओशाळलेलाच दिसत होता.

"मुलगा की मुलगी?" त्याने विचारलं.

"मुलगी."

"किती टक्के मिळाले तिला?"

"ती पहिलीत आहे..." सुलक्षणा चाचरली. "फॉर्म — फॉर्म माझा आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आपली फाइल उघडून तिच्यासमोर धरली. अर्जावर फोटो चिकटवला होता... त्याचाच.

"माझाही," तो म्हणाला.

आणि मग सुलक्षणाला असं हसू फुटलं की तिला पदर तोंडाशी न्यावा लागला. चार वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"चला," तो उठत म्हणाला, "एकेकटे गेलो तर परत हाकलतील. दोघं मिळून निदान भांडता तरी येईल."

हे १९८५ सालच्या जुलैत, अंधेरीच्या एका आयुर्वेद कॉलेजात घडलं. त्याचं नाव नंदकिशोर कर्णिक. वय एकतीस, मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. मशीनच्या एकेका भागाचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी एका कामगाराचा पंजा प्रेसखाली सापडला आणि हॉस्पिटल येईपर्यंत टॅक्सीत तो हात नंदकिशोरने धरून ठेवला होता.

"तेव्हापासून नकाशा काढायला बसलो की तो हातच दिसतो," पुढच्या भेटीत त्याने सांगितलं. "तुमचं काय?"

सुलक्षणाचा नवरा चार वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. तीन दवाखाने झाले, एक झाडपाल्याचं औषध झालं, पण त्याला नक्की काय होतंय हे तिला एकानेही धड सांगितलं नाही. त्यानंतर ती घाटकोपरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. पक्की नोकरी. ती सोडून साडेपाच वर्षं शिकायचं, तेही पदरात मूल असताना, म्हटल्यावर माहेरच्यांनी बोलणं टाकलं होतं.

"मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "एवढंच... फार मोठं कारण नाही."

"फार मोठं आहे," तो म्हणाला, आणि तिने पटकन दुसरीकडे पाहिलं.

मुलाखतीला तीन जण बसले होते. "परीक्षेच्या दिवशी मुलगी तापाने फणफणली तर काय कराल?" मधल्याने विचारलं.

"आज ताप आहे तिला," सुलक्षणा म्हणाली. "सासूबाईंजवळ ठेवून आलेय."

तिघांनीही खाली मान घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते देव जाणे! ती बाहेर आली. नंदकिशोर फाटकाशी थांबला होता.

"मला विचारलं, अजून लग्न का नाही केलं?" तो म्हणाला. "म्हटलं, तोही फॉर्म भरलाय. यादी लागायचीय."

"खरंच असं म्हणालात?"

"छे हो! बाहेर आल्यावर सुचलं."

यादी लागली. दोघांचंही नाव नव्हतं. खाली प्रतीक्षा यादी होती. एक : कर्णिक नंदकिशोर. दोन : तावडे सुलक्षणा. आणि फळ्यावर सूचना : दोन जागा शिल्लक, सोमवारी दुपारी दोन वाजता नावं पुकारली जातील, तीन हाकांत हजर नसणाऱ्याचा हक्क संपेल.

"दोन जागा, दोन माणसं. झकास!" नंदकिशोर म्हणाला.

सोमवारी दोघंही साडेबारालाच पोहोचली. कारकुनाने सुलक्षणाचे कागद चाळले आणि एक बाजूला काढला. तिच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव होतं, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, असं तिने प्रतिज्ञापत्र करून आणलं होतं. त्यावर वकिलाची सही होती, शिक्का नव्हता.

"हे चालायचं नाही, बाई."

सुलक्षणाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रतिज्ञापत्र तिने मरोळ नाक्यावरच्या नोटरीकडे केलं होतं. नंदकिशोरने तिच्या हातून कागद घेतलासुद्धा.

"नाका माझ्या पायाखालचा आहे. दोनच्या आत येतो. तुम्ही इथून हलू नका."

"अहो, पण तुमचं नाव—"

तो रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात करत होता.

दीड वाजला आणि कारकून रजिस्टर घेऊन बाहेर आला. प्राचार्यांना मीटिंगला जायचं होतं, म्हणून काम लवकर उरकायचं होतं. "आणि हे बघा, सकाळी वरून चिठ्ठी आली, एक जागा भरली गेली. आता एकच आहे. कर्णिक नंदकिशोर!"

एकच? तिने फाटकाकडे पाहिलं. रस्ता रिकामा.

"कर्णिक नंदकिशोर!" दुसरी हाक. मग तिच्याकडे वळून तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, पुढचं नाव तुमचंच. शिक्क्याचा कागद उद्या दिलात तरी चालवून घेऊ. जागा तेवढी आजच भरायचीय."

फक्त गप्प राहायचं. एक हाक, बस. तिला आपल्या मुलीचा, मीराचा चेहरा दिसला, एक्स्चेंजमधला तो कानाला रुतणारा हेडफोन आठवला, माहेरच्यांचे टोमणे आठवले. ती काही चोरी करत नव्हती. नियम कॉलेजचा होता, हजर तो नव्हता... आणि तो कुणासाठी गेला होता?

कारकुनाने तोंड उघडलं.

"थांबा!" सुलक्षणा म्हणाली. "ते आलेत. म्हणजे — येतायत. मघापासून इथेच होते. माझाच कागद आणायला गेलेत."

"तुमचं नाव त्यांच्या खाली आहे ना? कळतंय का, काय बोलताय ते?"

"कळतंय. म्हणूनच घाईने बोलतेय."

कारकून तिच्याकडे बघत राहिला. मग रजिस्टर मिटून म्हणाला, "माझा चहा व्हायचाय. चहा संपेपर्यंत."

त्याने तो चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायला. शेवटचा घोट उरला असताना नंदकिशोर धावत आत आला, शर्ट पावसाने अंगाला चिकटलेला, कागद पिशवीत जपलेला. एकच जागा आहे हे कळताच तो मागे सरला.

"मग ही यांना—"

"सही करा," सुलक्षणा म्हणाली. "नाही केलीत तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

त्याने सही केली.

फाटकाबाहेर ती रडली. चांगली हमसून हमसून रडली. तो तिची छत्री तिच्यावर धरून बाजूला उभा राहिला, स्वतः भिजत.

"का सांगितलंत?"

"माहीत नाही. सांगून झाल्यावर फार राग आला."

"कुणाचा?"

"तुमचा. इतक्या लवकर परत आलात म्हणून!"

घरी सासू सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. "माका इचारतंस तर गप रव म्हणान सांगितलंय असतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "बरा झाला, इचारूक नाय तां."

अजून कुणी जागा सोडली तर पुढचा नंबर तिचाच होता. मुदत होती महिन्याची. सुलक्षणा रोज ड्यूटीवर जायची, आणि घरी आली की पोस्टमन येऊन गेला का विचारायची. चौथ्या संध्याकाळी नंदकिशोर दारात उभा राहिला, वह्या घेऊन.

"तू आलीस की मागे पडायला नको," तो म्हणाला. तू म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

मग तो दिवसाआड येऊ लागला. हाडांची चित्रं तो मशीनच्या भागांसारखी काढायचा, बाण दाखवून, मापं लिहून. मीरा शेजारी बसून नावं घोकायची.

"मनगटात आठ हाडं. ही बघ, नकाशात..."

"नकाशात काय कळतंय? हातावर दाखव ना," सुलक्षणा म्हणाली.

त्याची पेन्सिल तिच्या मनगटाच्या वर, केसभर अंतरावर थांबली. पलीकडे सुंदराबाई खाकरल्या. पेन्सिल वहीवर परतली आणि सुलक्षणाला सहाव्या हाडाचं नाव काही केल्या आठवेना.

मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा जिन्यात निरोप घेताना तो अडखळला.

"एक विचारायचंय. आजच विचारतो... जागा मिळाल्यावर विचारलं तर वाटेल, आनंदाच्या भरात विचारलं. नाही मिळाली आणि विचारलं, तर वाटेल दया आली. माझ्याशी लग्न करशील?"

तिने कठडा घट्ट धरला. "मीरा आहे..."

"तिला विचारलं. म्हणाली, आजीला विचारा."

"आणि आई?"

"म्हणाल्या, 'तिकाच इचार मां!'"

ती हसली नाही. "मला वेळ दे, नंदू," एवढंच म्हणाली. पहिल्यांदाच त्या नावाने.

तीन दिवस तिने निरोप धाडला नाही. तोही आला नाही. तिने कितीजणांचे नंबर जोडून दिले, पण तिच्या स्वतःच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती — जागेचं काहीही होवो, तो घरी आला नाही की संध्याकाळ सरता सरत नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी सुपरवायझर मृणालिनीबाईंनी हाक मारली. "तावडे, तुझा फोन. लवकर आटप."

"सुलक्षणा!" तो धापा टाकत होता. "ऐक, आत्ताच कॉलेजच्या ऑफिसात कळलं—"

"थांब! आधी माझं ऐक." तिने रिसीव्हरवर हाताची ओंजळ धरली. "बातमी चांगली असो की वाईट, ती कळायच्या आधी मला बोलायचंय. हो. माझं हो आहे, नंदू... आता सांग."

पलीकडे त्याच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"जागा..." तो म्हणाला. "एक मुलगी इंजिनिअरिंगला गेली. तुझं नाव लागलं. पाचच्या आत ये, सगळे कागद घेऊन... सुलक्षणा, आधी काय म्हणालीस ते परत म्हण ना."

"तिथे आल्यावर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिथेच उभं राहून तिने डोळे पुसले.

मृणालिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पर्सनल कॉल होता?"

"हो, बाई," सुलक्षणा पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "आणि अर्ध्या दिवसाची रजा हवीय."